पाऊस लागला की झोप उडते

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४८. माहेर कोकणातल्या वैभववाडी तालुक्यात, घाटाच्या अगदी पायथ्याशी. गावाचं नाव लिहीत नाही, लगेच ओळखतील. लग्न होऊन कोल्हापुरात कसबा बावड्यात आले त्याला २४ वर्षं झाली. सासरी काही कमी नाही. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, मुलगी नोकरीला लागली, मुलगा शिकतोय. सासूबाईंनी कधी वावगा शब्द काढला नाही, मिस्टर शांत आहेत. तरी गेली चार-पाच वर्षं मला गावाची इतकी आठवण येते की लाज वाटते.

पाऊस लागला की रात्रीची झोप उडते. आमच्या घरावर कौलं. पाऊस आला की आधी लांब डोंगरात घुमायचा, मग मागच्या फणसावर, मग कौलांवर. इथं स्लॅब. खिडकी उघडल्याशिवाय पाऊस कळतसुद्धा नाही, तरी मला दोन वाजता जाग येते ती येतेच. मग पहाटेपर्यंत मनातल्या मनात घर फिरते. पडवी, माजघर, न्हाणी, विहीर. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की सूर्य घाटाकडं बुडताना दिसतो. आमच्याकडं तो घाटावरून वर यायचा, ऊन खळ्यात यायला आठ वाजायचे. २४ वर्षांत ही उलटी दिशा काही अंगवळणी पडली नाही.

दुपारी सगळे आडवे झाले की उकड्या तांदळाची पेज करून एकटीच खाते. चोरी केल्यासारखं वाटतं. कुळथाची पिठी कुणाला आवडणार, म्हणून करतच नाही. परवा फोनवर चुलतबहिणीला म्हणाले, "मी येतो गं मे महिन्यात," तर ती एवढी हसली! म्हणाली, "घाटी झालंस गो!" आणि इथं कधी तोंडातून 'खंय' निघून गेलं की पुतणे अजून चिडवतात. मग मी नक्की कुठली?

घर बंद आहे. बाबा आधीच गेले होते, आई २०२०च्या जुलैत गेली, ई-पास वेळेत मिळाला नाही, तिसऱ्या दिवशी पोचले. भाऊ मुंबईला असतो. तो म्हणतो, गिऱ्हाईक आलंय, विकून टाकू. मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव, पण ठेवून करणार काय? मला विकवत नाही आणि ठेवायचं कारणही सांगता येत नाही. हा काही आजार आहे का? की मी कृतघ्न आहे?
— एक सासुरवाशीण, कसबा बावडा

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण तेहतीस वर्षं निबंध तपासले, ती खोड जात नाही. पाऊस तीन वेळा आलाय, घाट तीन वेळा. आई एकदाच, आणि तीही भाऊ आणि गिऱ्हाईक यांच्या अलीकडं, दोन स्वल्पविरामांमध्ये. शाळेत असते तर समासात लिहिलं असतं, 'इथं थांबायला हवं होतं'. त्याकडं मी येणारच आहे. आधी सहीचं बोलते. मुलगी नोकरीला लागली, उद्या तिचं लग्न निघेल, आणि तुम्ही अजून 'सासुरवाशीण' म्हणून सही करताय? मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

आजार आहे का, हा प्रश्न जुना आहे. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं यावर प्रबंधच लिहिला. घरापासून लांब गेलेली माणसं झुरतात, त्यांचं अन्न तुटतं, झोप जाते, असं त्यानं मांडलं. 'परतणं' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला नाव दिलं नॉस्टॅल्जिया. पुढं कितीतरी वर्षं डॉक्टर मंडळी तो आजारच धरून चालली होती. परमुलखात पगारी लढायला गेलेल्या स्विस शिपायांना तो जडतो, असा बोलबाला होता. औषध काय, तर घरी पाठवा.

आपल्याकडं बायकांनी प्रबंध लिहिला नाही, जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. आणि औषधही ठरवून ठेवलं होतं : मुराळी. पंचमीला, गौरीला, दिवाळीला माहेरचं कुणीतरी न्यायला यायचं. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा डोस. सासूनं कितीही तोंड वाकडं केलं तरी मुराळी दारात आल्यावर पाठवावंच लागे. आई-बाप गेले, भाऊ मुंबईला राहिला, की मुराळी बंद. तुमचा पाच वर्षांपूर्वी बंद झाला, आणि आठवण वाढली तीही 'गेली चार-पाच वर्षं'. हे तुम्हीच लिहिलंय, फक्त दोन वेगळ्या परिच्छेदांत.

आता माझं ऐका, कारण मी तुम्हाला पुस्तकातलं सांगत नाही.

माझं गाव मंगळवेढा. १९७४च्या जूनमध्ये एम.ए.ला शिवाजी विद्यापीठात आले. पहिला जुलै वसतिगृहात काढला. दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही ओले, वह्या दमट, चपलांवर बुरशी. चपलांसाठी नावाजलेल्या गावात चपलांवर बुरशी! सगळ्या मुली खिडकीशी उभ्या राहून पाऊस बघायच्या आणि मी कॉटवर पडून रडायचे. मला कोरडं हवं होतं. आमच्याकडं वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पण जमीन काळी आणि खोल. सप्टेंबरच्या पावसाची ओल ती पोटात धरून ठेवते आणि वरून थेंब पडला नाही तरी त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पुरुषभर उभी राहते. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती आमच्या गावात. चोखोबा गेले ते आमच्या गावचं कुसू अंगावर कोसळून.

तुम्ही कोकणाचं नाव काढता तेव्हा निदान लोक 'वा!' म्हणतात. मी मंगळवेढ्याचं काढलं की म्हणायचे, "तिथं हाय काय?" सुंदर असतंय म्हणून आठवतंय, असं असतं तर आमचा सोलापूर जिल्हा कुणाला आठवलाच नसता. मला आठवायचं ते सपाट. चारी बाजूंनी जमीन आणि आभाळ शिवून टाकल्यासारखं. इथं जिकडं बघावं तिकडं डोंगराची कड. दोन वर्षं मला आतून कोंडल्यासारखं व्हायचं. माझा नवरा, म्हणजे तेव्हा व्हायचा होता, मला एकदा मोठ्या हौसेनं पन्हाळ्यावर घेऊन गेला. म्हणाला, "बघ, किती लांबचं दिसतंय." आता त्याला कसं सांगू, मला लांबचं बघायचं नव्हतं, सपाट बघायचं होतं. मी म्हटलं, "छान आहे." त्यानं ते खरं मानलं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं की हिला पन्हाळा फार आवडतो.

ज्वारीचंही असंच. लग्नानंतर माहेरहून मालदांडीचं पोतं यायचं. मी तिचं पीठ वेगळ्या डब्यात ठेवायचे. सासूबाई शेवटपर्यंत म्हणाल्या, "जुंधळा तो जुंधळाच की." मी शेवटपर्यंत डबा वेगळाच ठेवला. यावर आमची तडजोड कधी झाली नाही, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलंही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही पेज चोरून खाता. पेज ही काही सासरविरुद्धची फिर्याद नाही. घरात सगळ्यांच्या आवडी मोठ्यानं बोलल्या जातात, मिस्टरांना पांढरा रस्सा कसा लागतो हे आख्ख्या भावकीला माहीत असणार. तुमचंच तेवढं दुपारी दोन वाजता, दार लोटून.

त्या पेजेत आणखी एक गोष्ट आहे. वासाची वर्दी मेंदूत आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांकडं फार जवळच्या वाटेनं जाते. डोळ्या-कानांचं येतं तसा वळसा तिला पडत नाही. म्हणून उकड्या तांदळाची वाफ नाकात गेली की तुम्ही विचार करायच्या आधीच चुलीपाशी पोचलेल्या असता, आणि तिथं कोण बसलेलं असतं ते मला सांगायला नको.

तर आता ते स्वल्पविराम. जुलै २०२०. घाटाखालचं गाव इथून गाडीनं तीन तासांच्या आत, एरवी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं इतकं. आणि त्या एकाच वेळी, जिल्ह्याची हद्द ओलांडायला कागद लागत होता तेव्हा, तुम्ही आईपर्यंत पोचला नाहीत. तो महिना पावसाचा होता. मी डॉक्टर नाही, पण मला वाटतं तुमची झोप कोकणाच्या पावसानं मोडलेली नाही, त्या जुलैनं मोडली आहे. रात्री दोनला उठून तुम्ही घरभर फिरता, पडवी, माजघर, न्हाणी, विहीर, सगळीकडं जाता. आईच्या खोलीत जाता का? पत्रात नाही. स्वतःला विचारून बघा, मला कळवायची गरज नाही.

मेमध्ये जाणार म्हणता. जा, पण तो दौरा मी धरणार नाही. मेमध्ये मुंबईकर आलेले असतात, लग्नं, आंबे, फणस, गाऱ्हाणी, कुणाशी नीट बोलणं होत नाही. तुम्ही जुलैत जा. घाट चालू आहे ना, दरड नाही ना, ते एसटी स्टँडवर विचारून जा. २०२४मध्ये करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा लोकांना भुईबावडा घाटानं जावं लागत होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. चार दिवस काढा. मिस्टरांना सांगा, मला सोडा आणि परत या, चौथ्या दिवशी न्यायला या. हो, मुराळी उलटा. पहिली रात्र घरात एकटीला नको वाटली तर चुलतबहिणीला बोलवा, हसली तेवढी पुरे, आता सोबतीला येऊ दे. त्या तिसऱ्या दिवशी पोचल्यावर जे करायचं राहिलं, ते करा. काय राहिलं ते तुम्हालाच ठाऊक. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशा वेळी आईची ट्रंक उघडून लुगडी उन्हात टाकली होती आणि संध्याकाळी परत घडी घालून ठेवली होती, बस. तुमच्याकडं जुलैत ऊन मिळायचं नाही, पण काहीतरी सापडेल.

परत आल्यावरही झोप येत नसेल, जेवण तुटलं असेल, कशात जीव लागत नसेल, तर ते 'आठवणीचं' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. यात लाज कसली.

आता घर. 'ठेवायचं कारण सांगता येत नाही' म्हणता. विकायचं कारण तरी भावानं कुठं सांगितलंय? गिऱ्हाईक आलंय हे कारण नव्हे. तरीही मी 'विकू नका' असं सांगणार नाही. एवढंच सांगते की या वर्षी विकू नका आणि या वर्षी नवं बांधायलाही काढू नका. कौलारू घर बंद राहिलं की त्याचं काय होतं हे तुम्ही जाणता. एक कौल सरकतं, तिथून वासा भिजतो, रिपेला वाळवी लागते. भिंत चिऱ्याची असेल तर दम धरते, मातीची असेल तर दोन पावसाळ्यांत बसते. मग निर्णय तुमच्या हातात राहतच नाही, पाऊसच घेऊन टाकतो. म्हणून मेच्या फेरीत तेवढं एक काम करा, कौलं परतून घ्या, आणि ते पैसे तुमच्या स्वतःच्या हातातले असू द्यात, म्हशीच्या दुधाचे असतील तर उत्तम. भावाला आधी फोन करून सांगा.

आणि हो, सातबारा आणि घराचा असेसमेंट उतारा काढून बघा. कोकणात एकेका उताऱ्यावर वीस-वीस सामाईक नावं असतात, गिऱ्हाईकाला वाटतं तितकं ते सोपं नसतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, म्हणजे तुमची सही लागेल. हे भांडायला सांगत नाही. पण 'तुझं तू ठरव' असं मिस्टर म्हणतात ते नुसतं मन राखायला नाही, कायद्यानंही तसंच आहे, एवढं मनात असलं की भावाशी बोलताना आवाज कापत नाही.

'मी येतो' बद्दल. ताई, हे कोल्हापूरचं पाणी. इथल्या बायका 'मी जातो, मी आलो' म्हणतात आणि बाहेरची माणसं थक्क होतात. मला ते यायला साडेतीन वर्षं लागली. पहिल्यांदा निघालं ते वर्गात, आठवीच्या मुलींसमोर, "मी आत्ता येतो, गडबड करू नका." मुलींना काही वाटलं नाही, कारण त्यांच्या आयाही तसंच बोलत होत्या. मी मात्र ऑफिसच्या व्हरांड्यात जाऊन थांबले. सुट्टीत मंगळवेढ्याला आमच्या काकूनं ऐकलं आणि म्हणाली, "पोरीचा पोरगा झाला की गं." तिच्या हसण्याचा मला वर्षभर राग होता. आज त्या काकू नाहीत आणि ते वाक्य मी कुणालाही रंगवून सांगते. नक्की कुठली, असं विचारता. तुमच्या तोंडात 'खंय' पण आहे आणि 'येतो' पण आहे, आणि दोन्हीकडची माणसं हसतात, म्हणजे दोन्हीकडच्यांना ऐकू येतंय की ही आपली होती किंवा आपली झाली. परक्या माणसाच्या बोलण्याला कोण हसतंय?

एक शेवटचं, अगदी स्वयंपाकघरातलं. तुमचा कुळीथ म्हणजे घाटावरचा हुलगा. एकच धान्य. आमच्याकडं हुलग्याचं माडगं करतात, थंडीत, वर लसणाची फोडणी. तुमच्या सासूबाईंनी आयुष्यात पिठी खाल्ली नसेल, पण माडगं खाल्लं नसेल असं मी मानायला तयार नाही. त्यांना 'कुळथाची पिठी करू का' असं विचारू नका. 'आत्ती, तुमच्यात हुलग्याचं माडगं कसं करायचे?' असं विचारा आणि मग बसून ऐका. अर्धा तास जाईल. त्यांनाही कुठलंतरी माहेर असेलच की.

*

प्रश्न : आजी, मी यवतमाळचा. इंजिनिअरिंगला कोल्हापुरात आलो, पाच आठवडे झाले. मन लागून नाही राहिलं. रूममधले चांगले आहेत, पण मी काही बोललो की माझीच नक्कल करतात. मेसचा रस्सा तिखट लागतो. आईला दिवसातून सात-आठ फोन होतात, ती पण रडते. सोडून घरी जावं का?
— ए. व्ही., हॉस्टेल

उत्तर : तर्रीच्या मुलखातला तू, आणि रश्शाला भितोस?

नको सोडूस, निदान दिवाळीपर्यंत तरी. पाच आठवडे हा सगळ्यात वाईट काळ, मी मघाशी सांगितलं तसं मी कॉटवर पडून काढलाय. सात-आठ फोन मात्र बंद. प्रत्येक फोनला तू परत यवतमाळला जातोस आणि ठेवल्यावर परत कोल्हापूरला येतोस, दिवसातून आठ वेळा एवढा प्रवास कुणाला झेपेल? रात्री नऊला एकदाच, अर्धा तास, पोटभर बोला. आणि आईला रोज एक गोष्ट अशी सांग जी तिला माहीत नाही. त्यासाठी तुला खोलीबाहेर पडावं लागेल, तोच माझा डाव आहे.

नक्कल करणाऱ्यांना शिकव. 'करून राहिलो' नीट म्हणायला लाव, चुकले की तूही हस. हे गाव बाहेरच्या पोरांना नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं पहिलं वसतिगृह काढलं आणि मग एकामागून एक निघत गेली. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं तेव्हाही पहिल्या रात्री उशीत तोंड घालून झोपली असणार.

शनिवारी संध्याकाळी गंगावेशीत जा. दुधाच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून ग्लासात देतात, फेसासकट. उभ्यानं प्यायचं. पहिल्यांदा तुला ते कोमट आणि विचित्र लागेल. आईला सांगायला एक गोष्ट झाली.

ता. क. : बावड्याच्या ताईंना. वैभववाडीहून येताना कुळीथ आणाल तर दोन किलो जास्त आणा, माझ्याकडचा संपत आलाय. मी पैसे देईन. बदल्यात मालदांडीचं पीठ देईन, पण ते वेगळ्या डब्यात ठेवायचं.